जेहान दारूवाला आणि शर्यतीची शिडी

केंद्राच्या शर्यतीत माझा नंबर हुकला, म्हणून मी रुसलो होतो. दिवाळीत शनिवार पेठेत मामाकडे गेलो, तेव्हा त्याने मला मुंबईच्या जेहान दारूवालाची माहिती सांगितली.

मोटारशर्यतीची शिडी असते बरं का! पहिली पायरी कार्ट, म्हणजे बिनछपराची, जमिनीलगतची छोटी गाडी. मग फॉर्म्युला तीन, दोन आणि शेवटी एक. २०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभर शोधून तीन मुले निवडली. त्यांत जेहान होता. २०२० साली बहारीनमध्ये तो फॉर्म्युला दोनची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला एकच्या शर्यतीत उतरायचे मात्र राहिले.

मी विचारले, "म्हणजे तो हरला?"

मामा म्हणाला, "अरे, तिथवर चढला ते काय थोडं झालं?"

मित्रांनो, यंदा मी पुन्हा नाव दिले आहे.