स्पायडर-हॅम : सुपरहिरोच्या प्राणिरूप विडंबनाचे स्वरूप

प्रास्ताविक

विडंबन म्हणजे मूळ कृतीची हास्यास्पद नक्कल, ही व्याख्या वर्गात सांगावयास सोपी असली तरी पुरेशी नाही. नक्कल, रूपांतर आणि विडंबन या तिन्हींत मूळ कृतीतील नावे, स्थळे व पात्रे बदलली जातात. मग विडंबनाचे वेगळेपण कशात शोधावयाचे? मराठीत विडंबनाची चर्चा प्रामुख्याने काव्याच्या अंगाने झाली असून आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ या १९२५ च्या संग्रहाचा उल्लेख तिच्यात अपरिहार्यपणे येतो. चित्रकथेसारख्या लोकप्रिय माध्यमातील विडंबन मात्र अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. प्रस्तुत लेखात अमेरिकन कॉमिक्समधील स्पायडर-हॅम या पात्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. हे पात्र म्हणजे स्पायडर-मॅनचा डुक्कररूपी अवतार होय. ‘अवतार’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरावा लागतो. वराहावताराशी त्याचा काहीही संबंध नाही.

पूर्वपीठिका

माणसासारखे कपडे घालणारे, बोलणारे, नोकरी-धंदा करणारे प्राणी हा अमेरिकन चित्रकथेतील एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला तेथे ‘फनी अ‍ॅनिमल’ असे म्हणतात. पंचतंत्रातील प्राण्यांशी त्यांचे साम्य वरवरचे आहे. पंचतंत्रातील कोल्हा कोल्ह्याच्या स्वभावानेच वागतो. या चित्रकथांतील प्राणी हा बहुधा माणसाने घातलेला मुखवटा असतो.

सुपरमॅनचे पदार्पण १९३८ मधील. त्यानंतर चार वर्षांतच या दोन प्रकारांचा संकर झाला. १९४२ मध्ये टेरीटून्स या संस्थेच्या व्यंगचलच्चित्रात ‘सुपर माऊस’ हा उडणारा उंदीर अवतरला. तोच पुढे ‘मायटी माऊस’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस फॉसेट या प्रकाशनसंस्थेने ‘हॉपी द मार्व्हल बनी’ हा ससा आणला. तो त्यांच्याच कॅप्टन मार्व्हल या नायकाची प्रतिकृती होता. चित्रकार होते चॅड ग्रोथकॉफ.

हॉपीचे उदाहरण विशेष बोलके आहे. कॅप्टन मार्व्हल हीच सुपरमॅनची नक्कल आहे, असा दावा सुपरमॅनच्या प्रकाशकांनी १९४१ मध्ये न्यायालयात दाखल केला होता. तो खटला बारा वर्षे रेंगाळून १९५३ मध्ये तडजोडीने मिटला आणि फॉसेटने आपल्या महानायकांचे प्रकाशन थांबविले. पुढे चार्लटन या संस्थेने हॉपीच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या, तेव्हा ‘शझाम’ या मंत्रशब्दाच्या जागी ‘अ‍ॅलिझाम’ असा निरर्थक शब्द घालण्यात आला आणि सशाच्या छातीवरील विजेचे चिन्ह पुसण्यात आले. म्हणजे ज्याची नक्कल करावयाची तो नायक मालकीच्या वादात गडप झाला आणि ससा तेवढा उरला. मूळ कृतीची ओळख पटविणाऱ्या खुणा काढून घेतल्यानंतर त्या सशात विडंबन असे काही उरले नव्हते. तो केवळ एक उडणारा ससा होता.

नावांचा खेळ

स्पायडर-हॅमचा जन्म १९८३ चा. मार्व्हल कॉमिक्सने त्या वर्षी ‘मार्व्हल टेल्स’ हा एक स्वतंत्र अंक काढला; लेखन टॉम डिफाल्को यांचे आणि चित्रे मार्क आर्मस्ट्राँग यांची होती. इंग्रजीत ‘टेल’ या उच्चाराचे कथा आणि शेपूट असे दोन अर्थ होतात. अंकाच्या नावात शेपटीचे स्पेलिंग वापरून पहिला विनोद मुखपृष्ठावरच करण्यात आला होता. १९८५ ते १९८७ या काळात मार्व्हलच्या ‘स्टार’ या बालवाचकांसाठीच्या विभागातून त्याची स्वतंत्र मालिका निघाली. तिचे सतरा अंक झाले.

या मालिकेतील विनोदाचा पहिला थर निव्वळ शाब्दिक आहे. पीटर पार्करचा पीटर पोर्कर झाला. त्याचा खाष्ट संपादक जे. जोना जेमसन येथे जे. जोना जॅकल, म्हणजे कोल्हा आहे. ‘डेली ब्यूगल’ हे वृत्तपत्र ‘डेली बीगल’ झाले आहे. बीगल ही शिकारी कुत्र्यांची एक जात. डॉक्टर डूमच्या ‘डॉक्टर’ या उपाधीत ‘डक’ शिरले आणि तो बदक झाला. कॅप्टन अमेरिका मांजर झाला, तर हल्कचा ससा झाला. नायकाच्या नावातील ‘हॅम’ या शब्दाचा अर्थ डुकराचे खारविलेले मांस असा आहे, शिवाय अतिरंजित अभिनय करणाऱ्या नटालाही इंग्रजीत ‘हॅम’ म्हणतात. स्वतःचे नाव खाद्यपदार्थावरून घेणारा हा बहुधा एकमेव महानायक असावा.

हे सारे गमतीचे आहे. परंतु हॉपीच्या पलीकडे जाणारे त्यात काही नाही. नावे बदलली, चेहरे बदलले, कथेचा सांगाडा तोच राहिला.

चाव्याची दिशा

खरे विडंबन घडते ते नायकाच्या जन्मकथेत. स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेल्या स्पायडर-मॅनची जन्मकथा सर्वपरिचित आहे : किरणोत्सर्गी कोळी एका शाळकरी मुलाला चावतो आणि कोळ्याच्या शक्ती त्या मुलात येतात. स्पायडर-हॅमची जन्मकथा लिहिताना किरणोत्सर्गी कोळी एका डुकराला चावला असे म्हणणे सर्वांत सोपे होते. लेखकांनी तसे केले नाही. त्यांच्या कथेत पीटर हा मुळात कोळी आहे. मे पोर्कर नावाची वयस्क डुक्कर शास्त्रज्ञ केस वाळविण्याचे अणुशक्तीवर चालणारे यंत्र बनविते, त्याच्या किरणोत्सर्गाने तिचा तोल जातो आणि ती त्या कोळ्याला चावते. परिणामी कोळ्याचा डुक्कर होतो. मूळ कथेत पुतण्याला सांभाळणारी मे काकू येथे चावा घेऊन त्याला जन्म देते.

या एका उलटापालटीने मूळ कथेचे तर्कशास्त्र उघडे पडते. पीटर पार्कर माणूस होता, त्याला शक्ती मिळाली आणि शक्तीबरोबर जबाबदारी आली. पीटर पोर्करपाशी भिंतीवर चढण्याची, जाळे विणण्याची शक्ती जन्मजातच होती. कोणत्याही कोळ्यापाशी ती असते. अपघाताने त्याला मिळाले ते नाव, नोकरी, संपादकाची बोलणी आणि एका नागरिकाचे आयुष्य. म्हणजे जबाबदारी आली ती शक्तीतून नव्हे, समाजात राहावे लागल्यामुळे. स्पायडर-मॅनच्या कथांत वीस वर्षे जे सूत्र गृहीत धरले गेले होते, त्यावर या बालमासिकाने नकळत का होईना, बोट ठेवले. अणुयुगाच्या भीतीतून जन्मलेला मूळचा किरणोत्सर्ग येथे केस वाळविण्याच्या यंत्रात येऊन बसला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

अर्थात या विडंबनाला मर्यादा आहे. ते मालकाने स्वतःच्याच मालमत्तेचे केलेले विडंबन आहे आणि असे विडंबन मालमत्तेला धक्का लावीत नाही. याउलट केव्हिन ईस्टमन व पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये स्वतःच्या पदरमोडीने काढलेल्या ‘निंजा टर्टल्स’मध्ये मार्व्हलच्याच डेअरडेव्हिलची बाहेरून टिंगल होती. त्याच्या ‘हँड’ या शत्रुसंघटनेसमोर त्यांनी ‘फूट’ उभी केली. हाताला पाय असे ते उत्तर होते.

पवित्र प्रभाकर

नामबदल आणि विडंबन यांतील भेद स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण थेट मुंबईतील आहे. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ ही चार अंकांची मालिका प्रसिद्ध झाली, शरद देवराजन, सुरेश सीतारामन व चित्रकार जीवन कांग हे तिचे निर्माते. तिचा नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईत शिकावयास येतो. पीटर पार्करची ‘प’ ही आद्याक्षरे राखून नाव घडविण्याची युक्ती पोर्करच्या वेळी वापरली होती, तीच येथे आहे. मेरी जेनची मीरा जैन झाली, मे काकूची माया काकू झाली. या नायकाला शक्ती मिळते ती मात्र एका योग्याकडून.

तरीही कोणी या मालिकेला विडंबन म्हणत नाही व म्हणू नये. शक्तीचा स्रोत बदलला तरी तिची दिशा बदललेली नाही : सामान्य मुलाला बाहेरून शक्ती लाभते, काकांचा मृत्यू होतो, कर्तव्याची जाणीव जागी होते. मूळ मूल्यव्यवस्था नव्या भूमीत रुजविली जाते. याला रूपांतर म्हणावे. स्पायडर-हॅममध्ये भूमी फारशी बदलत नाही. शहर, वृत्तपत्र, खलनायक ओळखू येतात, पण कार्यकारणभाव उलटा होतो.

पडद्यावरील परिणती

२०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाने, ज्याला पुढील वर्षी सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, या डुकराला जगभर नेले. त्याला जॉन मुलेनी यांचा आवाज लाभला. तेथे तो खिशातून भला मोठा लाकडी हातोडा काढतो आणि व्यंगचित्राच्या नियमांनीच लढतो. निरोप घेताना तो दुसऱ्या एका प्रसिद्ध कार्टून डुकराचे समारोपाचे वाक्य उच्चारतो, तेव्हा शेजारी उभा असलेला पार्कर विचारतो की, कायद्याने त्याला असे म्हणता येते काय. हॉपीच्या छातीवरील वीज ज्या कायद्याच्या धाकाने पुसली गेली, तो धाक येथे विनोदाचा विषय झाला आहे.

मात्र या चित्रपटातील सर्वांत गंभीर वाक्यही त्याच्याच तोंडी आहे. काकाच्या मृत्यूने खचलेल्या माइल्स या मुलाला, प्रत्येकाला वाचविता येत नाही हेच या कामातील सर्वांत अवघड, असे सांगणारा हा डुक्करच असतो. आणि प्रेक्षक हसत नाही. २०२३ च्या उत्तरभागात अखेरच्या दृश्यात माइल्सच्या शोधासाठी जो गट जमतो, त्यात पवित्र प्रभाकर आणि पीटर पोर्कर एकाच रांगेत उभे आहेत.