पुढच्या दातांतील फट : दात न घासता बुजवता येते का?

माधवनगर, बुधगाव परिसरातील रुग्ण, विशेषतः लग्न ठरल्यावर, विचारतात, "डॉक्टर, पुढच्या दातांतली फट घालवायला दात घासून कॅप बसवावी लागेल का?" बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असेच असते. मात्र आधी फट का पडली, हे पाहावे लागते.

फट का पडते?

काहींचे दात जबड्याच्या मानाने लहान असतात, तर काहींचा वरचा ओठ व हिरडी जोडणारा पडदा जाड असतो. ७ ते ११ वर्षांच्या मुलांतील फट सुळे आल्यावर बहुधा आपोआप मिटते, म्हणून घाई करू नये.

मोठेपणी नव्याने पडलेली किंवा वाढत जाणारी फट मात्र अनेकदा पायोरियाची खूण असते. तेव्हा आधी हिरड्यांवर उपचार करावेत. नुसती फट बुजवली तर आजार आत वाढतो आणि दात हलू लागतात.

उपचार कसा होतो?

दाताच्या कडेला काही सेकंद आम्लाचा जेल लावून पृष्ठभाग खरखरीत करतात. त्यावर दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिट थरांनी लावून निळ्या प्रकाशाने कडक करतात आणि पॉलिश करतात. दात घासणे नसते किंवा नाममात्र असते. सहसा भूल लागत नाही आणि काम बहुधा एकाच भेटीत होते. कॅपसाठी मात्र निरोगी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, आणि गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही.

मर्यादा

फट साधारण २ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर नुसत्या कॉम्पोझिटने दात रुंद दिसतात. तेव्हा आधी तारा लावून फट कमी करणे चांगले. कॉम्पोझिटचा रंग काही वर्षांनी बदलतो, कधी टवका उडतो; पण दुरुस्ती सोपी असते. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा व कॉम्पोझिटसाठी दोन आठवडे थांबा, कारण कॉम्पोझिट नंतर उजळत नाही.

काळजी

• पहिले दोन दिवस चहा व हळदीचा रस्सा टाळा. डाग पडू शकतो.
• पुढच्या दातांनी ऊस सोलू नका, नखे कुरतडू नका.
• मिश्री व तंबाखू बंद करा.
• दर सहा महिन्यांनी तपासणी करा.

हिरड्या निरोगी असतील आणि फटीची तुम्हाला अडचण वाटत नसेल, तर ती तशीच राहू दिली तरी चालते.