अवर्षण आणि विहिरीचा तळ

पाऊस पडणें न पडणें दैवाच्या हातीं, असें म्हणून आकाशाकडे हात जोडणारा शेतकरी विहिरीच्या तळाविषयीं मात्र दैवास कधीं विचारीत नाहीं. तेथें तो यंत्रवाल्यास बोलावितो आणि आणखी शंभर फूट खालीं जातो. अवर्षण ही एक गोष्ट आणि पाण्याचा दुष्काळ ही दुसरी. पहिलीचें कारण आकाशांत आहे, दुसरीचें बहुतेक आपल्या बांधाच्या आंत. हें सांगतांना कांहीं बोल आमच्या वाचकांस, म्हणजे जमीनधारकांसच, लागणार आहे. त्यास इलाज नाहीं.

आकाशांतील कारण सर्वांच्या परिचयाचें आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रि चढतांना आपला बहुतेक भार माथ्यावर टाकितात, आणि घाट उतरून पूर्वेकडे जाणारी हवा उष्ण व कोरडी होत जाते. म्हणून महाबळेश्वरीं वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या माण तालुक्यांत २० इंचांच्या आसपास. तोही वेळेवर पडेल असा भरंवसा नसतो. मृगांत पेरावें, आर्द्रांत मोडावें आणि पुन्हां पेरावें, हा त्या बाजूच्या कुणब्याचा नित्याचा अनुभव आहे.

परंतु खालच्या खडकाचा विचार आमच्यांत फारसा होत नाहीं. दख्खनचें पठार काळ्या पाषाणाच्या थरांवर थर बसून झालेलें आहे. गंगेच्या कांठच्या वाळूसारखें खोलवर पाणी धरून ठेवण्याचें सामर्थ्य या दगडांत नाहीं. पाणी राहतें तें वरच्या मुरमांत आणि खडकाच्या सांधींत व चिरांत. साध्या विहिरीचें पाणी बहुधा गेल्या पावसाळ्याचें असतें, तें दरसाल भरतें व दरसाल उपसतां येतें. तीनचारशें फुटांवर विंधण विहिरीस लागणारें पाणी मात्र कित्येक वर्षांत झिरपत झिरपत सांचलेलें असतें. तें पहिल्या वर्षीं जोरानें उसळतें, दुसऱ्या वर्षीं धार बारीक होते, आणि मग यंत्रवाला पुन्हां दारीं येतो. शिवाय चिरा एकमेकींस मिळालेल्या असल्यानें एकाच्या खोल भोकांतून शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी जातें, तें वेगळेंच.

इ. स. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत या प्रांतीं लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ कमिशनच्या शिफारशींवरून दुष्काळाचे कायदेकानू झाले. त्यांची खरी कसोटी १९७२ सालीं लागली. मागचीं दोन वर्षें बऱ्याच भागांत तुटीचीं गेलीं होतीं आणि त्या वर्षीं खरीप व रब्बी दोन्ही बुडालीं. सरकारनें रस्ते, पाझर तलाव व बांधबंदिस्तीचीं कामें काढलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत त्यांवर सुमारें पन्नास लाख माणसें राबत होतीं. परदेशचा तांबडा मिलो आणि कामावरची सुकडी यांची चव आमच्या वडील पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी पुढें १९७७ च्या कायद्यानें पक्की झाली. त्या सालीं कोठार रिकामें होतें, पण पुष्कळ गांवीं विहिरीच्या तळाशीं हंडाभर पाणी मिळत असे, असें वृद्ध माणसें सांगतात.

२०१६ सालीं याच्या नेमकें उलट झालें. दुकानांत धान्य होतें, परंतु मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या खेपेस पांच लाख लिटर पाणी पोंचलें. त्याच प्रदेशांत उंसाचे फड उभे होते. राज्याच्या लागवडीखालील जमिनींत उंसाचा वांटा शेंकडा चारपांचाहून फारसा मोठा नाहीं, पण सिंचनाच्या पाण्याचा मोठा भाग तोच पितो. शाळूस काळ्या जमिनींतील ओल व एखादें पाणी पुरतें, वर गुरांस कडबा मिळतो. ऊंस लावणारास आम्ही मूर्ख म्हणत नाहीं. ज्या पिकास खात्रीचें गिऱ्हाईक आहे तें तो लावतो, आणि शाळूस तशी खात्री कोणी दिलेली नाहीं.

संकट एकच असलें तरी तें सर्वांवर सारखें येत नाहीं. पाणी आटूं लागलें कीं ज्याच्यापाशीं पैसा आहे तो खोल जातो. दोन एकरांचा धनी कर्ज काढून त्याच्या मागें जातो आणि भोंक कोरडें निघालें तरी कर्ज उरतें. बैलांच्या जोड्या एकदम बाजारांत येतात, तेव्हां किंमत निम्मीही येत नाहीं; पावसानंतर त्याच किंमतींत एक बैलही मिळत नाहीं. ज्यास जमीनच नाहीं त्याचें काम सर्वांआधीं जातें, आणि हंडा घेऊन मैलभर चालणारी त्याची बायको कोणाच्या हिशेबांत नसते.

पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभारली. तिचा नियम आम्हांस मोठा विचारी वाटतो. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या मानानें वांटावयाचें. दर डोई अर्ध्या एकरापुरतें, भूमिहीनासही हक्क, आणि ऊंस लावावयाचा नाहीं. ज्याची जमीन मोठी त्यास हें कडू लागतें, पण तेथील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं शहर गाठण्यांतून वांचलीं तीं याच नियमानें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचे लोक पाऊस मोजून वर्षाच्या पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेंत मांडतात आणि त्यावरून पिकें ठरवितात.

तितकें एकदम साधत नसेल, तर निदान दसऱ्यानंतर, रब्बीची पेर ठरविण्यापूर्वीं, गांवच्या पांचदहा विहिरींची पातळी मोजून चावडीवर लिहावी, आणि पुढें दर महिन्यास त्याच विहिरी मोजाव्या. मोजणी पहांटे, पंप सुरू होण्यापूर्वीं करावी. रात्रीं वीज येते त्या गांवीं पंप बंद होऊन कांहीं तास गेल्यावर करावी. दोरास दर हातावर गांठ मारावी आणि शेवटीं हलकें डबें बांधावें, म्हणजे तें पाण्यावर तरंगतें आणि दोर नेमका कोठें ढिला पडला हें कळतें; जड धोंडा बांधल्यास तो पाण्यांत बुडतो आणि पातळी कळत नाहीं.