घरगुती संग्रह-यंत्राची योजना

पूर्वीं कोंकणांतील घरांत माळ्यावर एक लांकडी पेटी असे. तींत खरेदीखतें, सारा भरल्याच्या पावत्या, मुंबईहून आलेलीं पत्रें आणि लग्नकार्याचे दोन-चार फोटो असत. वाळवी व ओल यांपासून ती पेटी सांभाळली म्हणजे घराची स्मृति सुरक्षित राहिली, असें समजलें जाई. आज तोच संग्रह घरांतील चार-पांच मोबाईलांत विखुरलेला असतो. मोबाईल होडींतून पाण्यांत पडला, चोरीस गेला किंवा जुना झाला म्हणून दुकानदारास दिला, कीं संग्रहाचा तेवढा भाग नाहींसा होतो. म्हणून कित्येक पालक घरांतच एक संग्रह-यंत्र ठेवण्याचा विचार करूं लागले आहेत. बाजारांत त्यास नास म्हणतात. हा एक लहानसा, दिवसरात्र चालणारा संगणकच होय. त्यांत एक किंवा अधिक हार्ड डिस्क बसविलेल्या असतात, आणि तो राउटरला जोडलेला असल्यामुळें घरांतील सर्व माणसें आपापल्या मोबाईलवरून त्यांत मजकूर ठेवूं व त्यांतून काढूं शकतात. असें यंत्र घेतांना कोणता विचार करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गणित करावें. दुकानांत मागाहून जावें. मोबाईलवरील एक छायाचित्र साधारणतः ३ ते ५ मेगाबाइट जागा घेतें. ४ मेगाबाइट धरल्यास वर्षाच्या ५,००० छायाचित्रांस २० गिगाबाइट पुरतात, आणि आजच्या मानानें ही जागा क्षुल्लक आहे. खरी जागा खातात त्या चित्रफिती. ४के या बारीक प्रतीची चित्रफीत मोबाईलमधील मांडणीप्रमाणें मिनिटास १७० पासून ३५० मेगाबाइटपर्यंत जागा घेते. जत्रेंतील दशावताराचा तीन तासांचा खेळ यांतील मोठ्या मानानें टिपला, तर १८० गुणिले ३५० म्हणजे ६३,००० मेगाबाइट, अर्थात् ६३ गिगाबाइट झाले. वर्षाला असे आठ खेळ टिपणाऱ्या उत्साही मुलाच्या घरीं चार वर्षांत २ टेराबाइट भरून जातात. आपल्या घरचा असा हिशेब करून जो आंकडा येईल त्याच्या दुप्पट जागा घ्यावी, असा आमचा सल्ला आहे.

चार टेराबाइटची डिस्क घरीं आणून जोडली म्हणजे पुष्कळदां संगणक ती ३.६४ टेराबाइट असल्याचें दाखवितो, आणि दुकानदारानें फसविलें असें मनांत येतें. तसें नाहीं. कारखानदार टेराबाइट म्हणजे १ वर बारा शून्यें असें मोजतो. संगणक १,०२४ चा चार वेळां गुणाकार करून मोजतो. माप निराळें, माल तोच. आठवीच्या विद्यार्थ्यांनीं हा भागाकार स्वतः करून पाहावा.

आतां डिस्क कोणत्या जातीची घ्यावी? हार्ड डिस्कच्या तबकडीवर मजकूर वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिला जातो. एका जातींत या पट्ट्या एकमेकींपासून सुट्या असतात, तिला सी.एम.आर. म्हणतात. दुसऱ्या जातींत अधिक मजकूर मावावा म्हणून प्रत्येक पट्टीचा कांठ शेजारच्या पट्टीवर चढविलेला असतो, ती एस.एम.आर. आमच्या मुलांस हें समजाविण्यास छपराकडे बोट दाखविणें पुरे. कौलें एकावर एक चढवून घातलेलीं असतात. मधलें एक बदलावयाचें तर वरचीं चार उचलावीं लागतात. एस.एम.आर. डिस्कवर मधला मजकूर बदलतांना तीच यातायात होते व ती फार मंदावते. एकदां भरून कपाटांत ठेवावयाच्या प्रतीस ती चालते, परंतु रोज लिहिणाऱ्या संग्रह-यंत्रांत सी.एम.आर.च असावी. वेष्टनावर हें नेहमींच छापलेलें नसतें. म्हणून कारखानदाराच्या माहितीपत्रकांत डिस्कचा क्रमांक शोधून खात्री करून घ्यावी.

दोन डिस्कांचें यंत्र घेतल्यास त्या मिरर पद्धतीनें जोडतां येतात. जें एकीवर लिहिलें जाईल तेंच तत्क्षणीं दुसरीवर. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्कांतून वापरावयास चारच मिळतात, पण एक बिघडली तरी काम अडत नाहीं. चार डिस्कांच्या यंत्रांत याहून चतुर युक्ति असते. समजा, तीन डिस्कांवर ७, ४ व ९ या संख्या आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. आतां ४ ची डिस्क बिघडली तर २० मधून ७ व ९ वजा केले कीं हरवलेली संख्या परत हातीं येते. प्रत्यक्ष यंत्र निराळ्या तऱ्हेची बेरीज करतें व ती सर्व डिस्कांवर वांटून ठेवतें, तरी तत्त्व हेंच. या मांडणींत सोळांपैकीं बारा टेराबाइट वापरावयास मिळतात. अशा सर्व रीतींस मिळून रेड हें नांव आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं आपल्या निबंधांत त्यांची मांडणी केली. बेरजेच्या या रीतीस त्यांत पांचवा क्रमांक दिलेला आहे.

यांतही एक मेख आहे. बिघडलेल्या डिस्कच्या जागीं नवी बसविली म्हणजे तिजवर ४ टेराबाइट मजकूर पुन्हां लिहावा लागतो. सेकंदास १५० मेगाबाइट हा वेग धरला तरी त्यास साडेसात तासांच्या आसपास लागतात. यंत्र इतर कामांत गुंतलेलें असल्यास पुष्कळ अधिक. तेवढ्या काळांत उरलेल्या तिहींपैकीं एखादी बिघडली तर सारेंच गेलें. एकाच दिवशीं, एकाच खोक्यांतून आलेल्या डिस्कांचें वय सारखेंच असतें, हें विसरूं नये. घरगुती कामास आम्ही दोन डिस्कांचा साधा मिररच पसंत करतों. वांचलेले पैसे कोठें लावावयाचे तें पुढें येईलच.

इतकें झालें म्हणजे मनुष्य निश्चिंत होतो, आणि येथेंच पुष्कळ शहाणे लोक फसतात. मालवणच्या समुद्रांतील सिंधुदुर्ग किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, हें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. एक आटली तर दुसरी, दुसरी आटली तर तिसरी. मिररची सोय ती हीच. परंतु १७६५ सालीं इंग्रजांनीं किल्ला घेतला तेव्हां तिन्ही विहिरी एकदमच त्यांच्या हातीं गेल्या. एका पेटींतील दोन डिस्कांचें असेंच आहे. चोरानें पेटी उचलली, विजेचा लोळ तारेंतून आंत शिरला, छप्पर गळून पाणी पडलें, तर दोन्ही एकदम जातील. शिवाय धाकट्यानें चुकून एखादा फोल्डर पुसला, तर मिरर तो मोठ्या आज्ञाधारकपणें दुसऱ्या डिस्कवरूनही पुसून टाकतो. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या घातकी प्रोग्रामनें जगभरच्या संगणकांतील मजकुरास कुलूप घालून खंडणी मागितली होती. तसलें संकट आल्यास मिरर कांहींही करूं शकत नाहीं. जुन्या स्थितीचे ठसे राखून ठेवण्याची सोय, जिला स्नॅपशॉट म्हणतात, ती यंत्रांत असल्यास अवश्य चालू करावी. परंतु तीही त्याच पेटींत राहते.

पुण्यांत ८ जानेवारी २००३ रोजीं फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठारास आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचीं नायट्रेट फिल्मवरील जुनीं रिळें जळालीं. ज्या चित्रपटांची दुसऱ्या फिल्मवर प्रत काढून ठेवलेली होती ते वांचले. आमच्या किनाऱ्याजवळून १६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ गेलें तेव्हां घरांवर माड कोसळले, कौलें उडालीं आणि कित्येक गांवांत दिवसचे दिवस वीज नव्हती. म्हणून जाणत्यांनीं तीन-दोन-एक असा नियम घातला आहे: मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी.

घराबाहेरची ही प्रत इंटरनेटवर भाड्याच्या जागेंत ठेवतां येते. पण २ टेराबाइट मजकूर सेकंदास २० मेगाबिट वेगानें चढवावयाचा तर सव्वानऊ दिवस अखंड लागतात, आणि पावसाळ्यांत आमच्याकडे लाईन अखंड कितीशी असते, तें पालक जाणतातच. याहून सोपी वाट कोंकणी माणसाच्या घरीं आयती आहे. दोन सुट्या, खिशांत मावणाऱ्या डिस्क घ्याव्यात. मिररवर वांचलेले पैसे येथें लावावे. गणेशचतुर्थीस आलेला चाकरमानी परततांना एक मुंबईस नेईल. नाताळांत किंवा शिमग्यास ती घेऊन येईल आणि तोंवर घरीं भरून ठेवलेली दुसरी नेईल. प्रवासांत डिस्क हरवूं शकते, म्हणून तींतील मजकूर संकेतशब्दानें कुलूपबंद करावा आणि तो शब्द कागदावर लिहून घरच्या दागिन्यांबरोबर ठेवावा. एकट्या मोठ्या मुलाच्या डोक्यांत ठेवूं नये. तो शिकावयास परगांवीं जाणार आहे.

यंत्राच्या जागेचाही विचार केला पाहिजे. खारी हवा व पावसाळ्यांतील ओल धातूच्या जोडांस गंज आणतात. खिडकी, स्वयंपाकघर व जमीन हीं तिन्ही टाळून, हवा खेळेल अशा फळीवर तें असावें. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय क्षीण होतें, यास्तव राउटर व यंत्र तारेनेंच जोडावीं. जुन्या राउटरचा १०० मेगाबिटचा तोंडवळा असल्यास वर सांगितलेला दशावताराचा खेळ चढविण्यास दीड तासाहून अधिक लागेल. गिगाबिटच्या राउटरवर संगणकापासूनही तारच घातली तर दहा मिनिटें पुरतील. वीज एकाएकीं गेल्यास लिहिणें अर्धवट राहून मजकूर बिघडतो, म्हणून लहान यूपीएस हवाच, आणि तोही वीज गेल्याचें यंत्रास कळवून तें रीतसर बंद करविणारा हवा. विजा चमकूं लागल्या कीं यंत्र बंद करून प्लगबरोबर राउटरची तारही काढावी. खर्चाचें म्हणाल तर २० वॅटचें यंत्र महिनाभर अहोरात्र चाललें तर १४ युनिटांच्या थोडें वर वीज लागते.

वर्षांतून एकदां, शाळेला सुट्टी लागल्यावर, सुट्या डिस्कवरील दहा-वीस फायली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. हें काम मुलांनीं करावें. त्यांस तें आवडतें. ज्यांस सध्यां यंत्र घेणें परवडत नाहीं त्यांनीं निदान एक सुटी डिस्क घेऊन सर्व मोबाईल तींत रिकामे करावेत. त्यांतही प्रथम आजीआजोबांच्या मालवणी बोलण्याच्या ध्वनिफिती उतरून घ्याव्यात. छायाचित्रें दुसऱ्या दिवशीं घेतलीं तरी चालेल.