पट उरतो, खेळ हरवतो

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालो की आकुर्डीच्या पुढचे स्टेशन देहूरोड. वारकऱ्याला ते तुकोबांच्या गावाकडे नेणारे स्टेशन वाटते, तर इतरांना आठवतो तो तिथला लष्कराचा डेपो आणि कँटोन्मेंट. या लष्करी वस्तीमुळे मराठी माणसांच्या शेजारी तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी कुटुंबे येथे राहायला आली. अशा वस्तीत चार घरच्या चार आज्यांना एकत्र बसवा आणि जमिनीवर खडूने पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे आखा. मधल्या घरात आणि चारही कडांच्या मधोमध एकेक फुली मारा. चौघीही म्हणतील, "अगं, हा तर आमचा खेळ!"

मराठी आजी त्याला चल्लस-आठ म्हणेल, तेलुगू आजी अष्टाचम्मा, कन्नड आजी चौकाबारा आणि हिंदी भाषक आजी अष्ट-चंग-पे. तमिळ आजीला तिचे तायम आठवेल. खेळ साधारण एकच. चार कवड्या नाहीतर फोडलेले चिंचोके टाकायचे. चारही कवड्या उताण्या पडल्या तर ४, चारही पालथ्या पडल्या तर ८. तेलुगू आणि कन्नड नावे याच दोन दानांवरून पडली आहेत. सोंगट्या बाहेरच्या रांगेतून एका दिशेने फिरतात, आत शिरल्या की उलट दिशेने आणि शेवटी मधल्या घरात जाऊन पिकतात. फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही.

पण खेळायला बसल्यावर खरी मजा सुरू होते. एकीच्या घरी दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. दुसरीच्या घरी ती अटच नाही. मोठे दान पडले की पुन्हा टाकायचे, यावर एकमत; पण लागोपाठ तीनदा पडले तर काय? इथे वादावादी होणारच. कोण बरोबर? सगळ्याच बरोबर. या खेळाचे नियम कुठल्याही कंपनीच्या कचेरीत ठेवलेले नव्हते. ते आजीकडून नातीकडे तोंडी आले.

माझा आजचा मुद्दा नेमका हाच आहे. आपण खेळ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पट येतो. पण खेळ पटावर नसतो, तो नियमांत असतो. पट दगडात कोरला तर हजारो वर्षे टिकतो. नियम मात्र शेवटच्या खेळाडूबरोबर जातो.

याचे जगातले एक प्रसिद्ध उदाहरण बघा. आजच्या इराकमध्ये उर नावाचे प्राचीन शहर होते. तिथे १९२०च्या दशकात लिओनार्ड वुली यांनी केलेल्या उत्खननात राजघराण्याच्या थडग्यांत वीस घरांचे सुंदर पट सापडले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पट हाती आला, सोंगट्या हाती आल्या, पण खेळायचे कसे? उत्तर मिळाले ते बॅबिलोनमधल्या एका लेखनिकामुळे. त्याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मातीच्या एका पाटीवर या खेळाच्या पुढच्या काळातल्या रूपाचे नियम लिहून ठेवले होते. ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी ती पाटी वाचली आणि खेळ पुन्हा खेळता येऊ लागला. इजिप्तच्या सेनेत या खेळाचे नशीब एवढे चांगले नव्हते. त्याचे पट तुतनखामेनच्या थडग्यातसुद्धा मिळाले, पण नियम सांगणारी पाटी कोणी लिहून ठेवली नाही. आज तो खेळला जातो तो अंदाजाने.

आता घराजवळ येऊ. देहूपासून आळंदी फार दूर नाही. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वर माऊलींना देते, तो मोक्षपट आपल्यातल्या अनेकांनी ऐकलेला असतो. पुण्याचे संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात असे जुने पट होते. कोपनहेगन विद्यापीठाचे जेकब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातल्या ज्ञान-चौपड प्रकारच्या पटांचा अभ्यास करून २०१९ मध्ये प्रबंध लिहिला. या पटांवर घरांना नुसते आकडे नसत, नावे असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातला साप खाली ओढी. खेळता खेळता मूल ती नावे वाचत असे.

हा खेळ इंग्लंडमध्ये १८९२च्या सुमारास बाजारात आला. सुरुवातीला तिथेही घरांवर त्यांच्या पद्धतीचे गुण-दोष असत. हळूहळू ते गेले आणि उरले १ ते १०० आकडे. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापही काढले आणि त्यांच्या जागी बागेतली घसरगुंडी आणली. पचिशीचेही तेच झाले. कवड्या जाऊन फासा आला, सोंगट्यांचे डावपेच सोपे झाले आणि इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये लुडो म्हणून त्याचे पेटंट निघाले. पुढे आपण तोच लुडो, तीच सापशिडी दुकानातून विकत आणली. यात कोणाचा दुष्टपणा नाही. मोठ्या कारखान्याला लाखो घरांत चालेल असा, पाच मिनिटांत कळेल असा एकच नियम हवा असतो. घराघरातला फरक त्या साच्यात बसत नाही.

तो फरक जपण्याचे काम आज छोटे प्रकाशक करतात. हो, खेळालाही पुस्तकासारखाच प्रकाशक असतो. चेन्नईत विनिता सिद्धार्थ यांनी २००२च्या सुमारास 'क्रीडा' ही संस्था सुरू केली. पल्लांगुळी, तायम, तीन वाघ आणि पंधरा शेळ्यांचा आडु-पुलि-आट्टम असे खेळ तिने पुन्हा घराघरात आणले. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने जुने पट कारागिरांकडून नव्याने करून घेतले आणि त्यांची प्रदर्शने भरवली. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने वेगळी वाट धरली. झैन मेमन यांनी रचलेला 'शासन' हा निवडणुकीच्या राजकारणावरचा खेळ २०१९ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून काढला. गिऱ्हाईक आधी आणि छपाई नंतर, त्यामुळे छोट्या प्रकाशकाला माल पडून राहण्याची धास्ती कमी.

यात सावंतवाडीची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तिथला गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. ही कला अखेरच्या घटका मोजत असताना पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले ती शिकल्या आणि राजवाड्यात पुन्हा पत्ते रंगू लागले. कला वाचली. पण तो संच घेणाऱ्या किती जणांना खेळ येतो? दिवसा खेळताना रामाकडून सुरुवात आणि रात्री कृष्णाकडून. पाच अवतारांत एक्का वरचढ, तर उरलेल्या पाचांत दश्शी. हे माहीत नसेल तर १२० पत्ते म्हणजे १२० छोटी चित्रे. ती भिंतीवर शोभतात, पण डाव रंगत नाही.

म्हणून छोट्या प्रकाशकाचा संच विकत घेताना माझी एक सूचना आहे. डबा उघडल्यावर आधी पट बघू नका, नियमांचा कागद बघा. तो मराठीत आहे का? आजोबांना आणि दहा वर्षांच्या मुलाला तो एकदा वाचून कळतो का? घरोघरचे वेगळे नियम त्यात दिले आहेत का? असे संच दुकानातल्या लुडोपेक्षा महाग पडतात. थोड्या प्रती काढायच्या म्हटल्या की प्रत्येक प्रतीवर खर्च जास्त बसतो. पण त्या किमतीत पुठ्ठा आणि सोंगट्यांबरोबर कोणीतरी गावोगाव फिरून विचारलेले प्रश्नही असतात.

आणि विकत घ्यायचे नसेल, तर यातले अर्धे काम फुकट होण्यासारखे आहे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला येत्या सुट्टीच्या दिवशी वही घेऊन विचारा. खेळाला तुमच्याकडे काय म्हणत? दाने कशी मोजत? सोंगटी कुठल्या दानावर बसे? मारल्यावर पुन्हा खेळायला मिळे का? जोडी झालेली सोंगटी मारता येई का? पिकायला नेमके दान लागे का? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा, गावाचे नाव घाला, तारीख टाका. मग त्याच नियमांनी एक डाव खेळा, कारण विसरलेली निम्मी कलमे खेळतानाच आठवतात.

बॅबिलोनच्या त्या लेखनिकाने याहून वेगळे काही केले नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)