ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंग

ग्वाल्हेरच्या फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. १८५८ च्या जून महिन्यात लक्ष्मीबाई काल्पीमार्गे ग्वाल्हेरला आल्या आणि येथेच रणांगणावर पडल्या. त्यामुळे झाशी आणि ग्वाल्हेर ही नावे मराठी मनात जोडीनेच येतात. विसाव्या शतकात झाशीतच वाढलेला आणखी एक तरुण ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या फौजेत दाखल झाला. त्याच्या हातात तलवारीपेक्षा हॉकीची काठी अधिक शोभे. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंग ते हेच.

त्या काळी खेळाडूने पोट कसे भरावे? इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला वेतन घेण्याची मुभा १८८५ सालीच मिळाली होती. १९०१ पासून आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली, हे खरे. पण खेळ हाच आपला धंदा, असे तो उघडपणे सांगू शकत असे. ऑलिंपिकच्या हॉकीत ही सोय नव्हती. तेथे खेळाडू हौशीच हवा. मग हौस कोणी पोसावी? आपल्याकडे ते काम पलटणींनी आणि संस्थानांनी केले. ध्यानचंदांना इंग्रजी पलटणीचा आधार होता, तर रूपसिंगांना ग्वाल्हेर दरबाराचा. कागदोपत्री चाकरी शिपाईगिरीची, लौकिक मात्र मैदानावरचा! ही व्यवस्था उदार होती, तशीच परावलंबीही. कारण खेळाडूचे मोल पगारपत्रकात कोठेच लिहिलेले नसे.

रूपसिंगांचा जन्म १९०८ साली जबलपूरला झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी निवड झाली, तेव्हा अंगावर धड कपडे नाहीत म्हणून ते जाण्यास तयार नव्हते. थोरल्या भावाने सूट करून दिला, तेव्हा कोठे निघाले, असे सांगतात. तेथे हॉकीत तीनच संघ उतरले होते. भारताने जपानला ११-१ असे हरविले आणि अमेरिकेला २४-१ असे. प्रतिपक्ष दुबळा होता हे मान्य केले, तरी त्या एका सामन्यात डाव्या आतल्या बाजूने खेळणाऱ्या रूपसिंगांनी १० गोल केले. ध्यानचंदांचे ८ होते. दोन्ही सामने मिळून हिशेब १३ आणि १२ असा होतो. म्हणजे हॉकीच्या जादूगारापेक्षा धाकट्याचा एक गोल अधिकच! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही ते सुवर्णपदक विजेत्या संघात होते. तथापि लोकांच्या ओठी नाव राहिले ते थोरल्याचे.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. रूपसिंग मात्र ग्वाल्हेरकरच राहिले. १६ डिसेंबर १९७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. शहरातील ज्या क्रीडांगणाला त्यांचे नाव आहे, ते मूळचे हॉकीचे. पुढे तेथे क्रिकेट आले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील पहिले द्विशतक झळकावले, ते याच कॅप्टन रूपसिंग मैदानावर.