निरोपाचं नव्हे, पुनर्भेटीचं गाणं

३१ डिसेंबरला मध्यरात्रीचे बारा वाजले, की एडिनबरापासून न्यूयॉर्कपर्यंत लोक ‘ऑल्ड लँग साइन’ गातात. पुण्याजवळच्या खडकवासल्यात, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात छात्र संथ पावलं टाकत मैदान सोडतात, तेव्हा बँडवर हीच धून असते. म्हणूनच जगाने या स्कॉटिश गाण्याला निरोपाचं गाणं मानलं. त्याचे शब्द मात्र निराळीच गोष्ट सांगतात. स्कॉट्स भाषेतल्या या तीन शब्दांचा भावार्थ ‘फार पूर्वीचे ते दिवस’ असा. जुनी ओळख विसरून जायची का, या प्रश्नाने गाणं सुरू होतं. लहानपणी टेकड्यांवर फुलं खुडत हिंडलेले, ओढ्यात सकाळपासून दुपारपर्यंत डुंबलेले दोन मित्र त्यात आहेत. पुढे त्यांच्यामध्ये समुद्र पसरले. आता ते पुन्हा समोरासमोर बसले आहेत, हातात हात देत आहेत, पेला उचलत आहेत. निघायची घाई त्यांच्यापैकी कुणालाच नाही.

हे गाणं ज्याच्या नावावर आहे, त्या स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने डिसेंबर १७८८मध्ये फ्रान्सिस डनलॉप या स्नेही बाईंना लिहिलेलं पत्र याला दुजोरा देतं. डनलॉपबाईंना त्यांची शाळेतली जुनी मैत्रीण भेटली होती. त्या भेटीबद्दल लिहिता लिहिताच बर्न्सला हे शब्द आठवले आणि त्याने गाणं सोबत पाठवलं. यावर कुणी म्हणेल, की गाणं मुळात बर्न्सचं नाहीच. एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतल्याचं त्यानेच सांगितलं आहे. शिवाय त्याच सुरुवातीचं एक काव्य जेम्स वॉटसनने १७११मध्येच छापलं होतं. हे खरं आहे. पण त्या जुन्या काव्यात विझत चाललेल्या प्रेमाची तक्रार आहे. टेकड्या आणि ओढा असलेली बालपणाची कडवी बहुतेक अभ्यासक बर्न्सचीच मानतात. म्हणजे प्रेमाच्या तक्रारीतून मैत्रीची भेट घडवली ती त्यानेच. १७९६च्या जुलैमध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. गाणं छापून आलं ते त्यानंतर. आज जगभर गातात ती चाल तर १७९९मध्ये जॉर्ज थॉमसनच्या संग्रहातून या शब्दांना जोडली गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाण्याचा अर्थ गाणारे ठरवतात, आणि गाणाऱ्यांनी तो निरोप असा ठरवला आहे. स्कॉटलंडमध्ये चर्चच्या कडक शिस्तीमुळे नाताळ मागे पडला. त्याची सार्वजनिक सुट्टी तिथे थेट १९५८मध्ये आली. त्यामुळे वर्षअखेर हाच मोठा सण होता आणि गाणं त्याच रात्रीला चिकटलं. १९२९पासून गाय लोम्बार्डोच्या वाद्यवृंदाने रेडिओवरून ते अमेरिकेच्या घराघरांत नेलं. चालीत मध्यम आणि निषाद नाहीत. आपल्या भूप रागाचेच पाच स्वर. अशी चाल परक्या भाषेतही सहज रुळते. जपानने १८८१मध्ये ती शालेय गीतसंग्रहात घेतली, काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्यांचे शब्द तिला दिले, आणि शाळा सोडताना मुलं ते गाऊ लागली. मालदीवचं राष्ट्रगीत १९७२पर्यंत याच चालीवर होतं. चाल सर्वत्र पोहोचली, मित्रांची भेट मागे राहिली. रवींद्रनाथांनी मात्र ‘पुरानो शेई दिनेर कथा’मध्ये चालीबरोबर भेटही जपली. त्यांच्याही गाण्यात ताटातुटीनंतर भेटलेला मित्र आहे, जवळ बसून सुखदुःखाचं बोलण्याची हाक आहे.

निरोपाचा वापर चुकीचा नाही, अपुरा आहे. दूर जाणाऱ्याला ‘जा’ म्हणायला कोणतंही गाणं पुरतं. हे गाणं त्याला पुन्हा भेटल्यावरचा क्षण आधीच दाखवतं, म्हणून ते निघतानाही गावंसं वाटतं. पण त्यातला प्रश्न गाऊन सुटत नाही, भेटूनच सुटतो. येत्या ३१ डिसेंबरला ही धून कानावर पडली, तर वर्षानुवर्षं न भेटलेल्या एका मित्राचा दरवाजा वाजवा.